फिजिक्सची लॅब पहिल्यांदा करताय? पुण्याचा जी ९.८१ नाहीये, तिथूनच सुरू करू

दरवर्षी एफवायच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस लागल्या की ओळखीतली, सोसायटीतली पोरं मला तेच तीन प्रश्न विचारतात, पुस्तक कुठलं घेऊ, ओरलला काय विचारतात आणि मागच्या वर्षीचं जर्नल कोणाकडे मिळेल. त्यातला तिसरा प्रश्न ऐकला की मला खरंच वाईट वाटतं कारण तो विचारणारी पोरं हुशार असतात, बारावीला पीसीएममध्ये चांगले मार्क्स असतात, आणि तरी लॅबकडे बघताना त्यांच्या डोक्यात एकच असतं की उत्तर आधीच माहितीये, ते आणून दाखवायचंय आणि सही घ्यायचीय. मीही तसाच होतो, म्हणून आधी माझंच सांगतो.

पहिल्या सेमिस्टरला बार पेंड्युलमचा, म्हणजे झुलणाऱ्या धातूच्या पट्टीचा प्रयोग होता, त्यात जी काढायचा, म्हणजे गुरुत्वामुळे येणारा प्रवेग, मीटर प्रति सेकंद वर्गात. माझा आला ९.७६. शेजारच्या टेबलावर मित्राचा बरोब्बर ९.८१. मी घाबरलो, वेळेच्या कॉलममधली दोन रीडिंग हळूच बदलली, जी ९.८० झाला, जर्नल लिहिलं, सही मिळाली. पुढे वार्षिक परीक्षेच्या ओरलला एक्सटर्नल सरांनी शांतपणे विचारलं, पुण्याचा जी किती? मी म्हटलं ९.८१. ते म्हणाले, हा लंडन-पॅरिसकडचा आकडा झाला, पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आहे आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथे जी ९.७८ च्या आसपास असतो. म्हणजे मी मोजलेला आकडा मित्राच्या ९.८१ पेक्षा खऱ्याच्या जवळ होता आणि मी तो विनाकारण खोडून बदलला होता. त्या दिवशी घरी येऊन रफ वही काढून जुनी रीडिंग शोधली तर ती पण नव्हती, कारण मी ती सुट्या कागदावर घेतलेली आणि कागद फेकून दिलेला.

या लेखात जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे, जे दिसलं ते लिहा आणि त्यावर किती भरवसा ठेवता येईल तेही लिहा, बाकी सगळं हळूहळू जमतं.

आधी वही

अप्पा बळवंत चौकातून एक शिवलेली दोनशे पानी वही घ्या, स्पायरलची नको कारण तिची पानं सहज फाडता येतात आणि हात शिवशिवतो. ही तुमची रफ वही, पण नावालाच रफ, खरं तर हीच मुख्य वही, फेअर जर्नल हे तिच्यावरून केलेलं नंतरचं काम. पेनाने लिहायचं, पेन्सिल आणि व्हाइटनर लॅबच्या बाहेर ठेवा. रीडिंग चुकलं असं वाटलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारा, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहा, "दोलन मोजताना चुकलो", "स्क्रू उलटा फिरला" असं. कारण सापडत नसेल तर ते रीडिंग खोडायचं नाही, हा नियम पाळायला सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही.

दर प्रॅक्टिकलला पान उघडलं की तारीख, वेळ, पार्टनरचं नाव, खोलीचं तापमान आणि उपकरणाचा नंबर. नंबर म्हणजे स्पेक्ट्रोमीटरवर जो पांढऱ्या पेंटने ३ किंवा ७ लिहिलेला असतो तो. पुढच्या आठवड्यात प्रयोग पूर्ण करायला गेलात आणि दुसरा स्पेक्ट्रोमीटर मिळाला तर झिरो एरर (शून्य दिसायला हवं तिथे दिसणारा आकडा) वेगळा असणार, आणि हे तुम्हाला घरी ग्राफ काढताना कळलं तर उपयोग काय.

आदल्या दिवशी अर्धा तास

प्रयोगाची थिअरी पाठ करू नका, सूत्र समोर ठेवा आणि बघा की कुठल्या राशीवर किती घात आहे. हे कोणी मुद्दाम सांगत नाही. उदाहरणार्थ पॉइझाय पद्धतीने पाण्याची व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) काढताना कॅपिलरीच्या, म्हणजे बारीक नळीच्या त्रिज्येचा चौथा घात येतो. त्रिज्या अर्धा मिलिमीटर असेल आणि ती मोजताना ०.०१ मिलिमीटरची चूक झाली तर ती चूक दोन टक्के, पण उत्तरात ती चौपट होऊन आठ टक्के होते. आणि पोरं काय करतात, पाणी किती जमा झालं ते मेजरिंग सिलेंडरमध्ये डोळे बारीक करून दहा वेळा बघतात आणि कॅपिलरीचं भोक ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली एकदाच बघून मोकळी होतात. उलटं करायला पाहिजे. पट्टी वाकवून यंग्ज मॉड्युलस (धातूच्या ताठपणाचं माप) काढताना जाडीचा घन येतो, तिथेही तेच, पट्टीची जाडी मायक्रोमीटर स्क्रूने आठ-दहा वेगवेगळ्या ठिकाणी मोजा, लांबी एकदा-दोनदा मोजली तरी चालेल.

तर आदल्या दिवशी एवढं करा, सूत्र लिहा, सर्वात मोठा घात कुणाचा त्याला गोल करा, ऑब्झर्वेशन टेबल वहीत आखून ठेवा आणि युनिट कॉलमच्या डोक्यावर लिहा. बास.

लॅबमध्ये गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं रीडिंग घेऊ नका

घाई होते मान्य आहे, तीन तासांची बॅच, त्यात हजेरी, सरांचं एक्सप्लेनेशन, उपकरण मिळवणं, पण तरी. उपकरण हातात घ्या, स्क्रू कुठला काय हलवतो ते बघा, लीस्ट काउंट, म्हणजे उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप, स्वतः काढा, व्हर्नियरचा ०.०१ सेंटिमीटर असेल असं गृहीत धरू नका, विभाग मोजा. जबडे बंद करून झिरो एरर बघा आणि तो चिन्हासकट लिहा. मग पूर्ण प्रयोगाची एक भराभर फेरी मारा, म्हणजे दोन-तीन कच्ची रीडिंग घेऊन तिथेच कॅल्क्युलेटरवर उत्तर काढा. उत्तर दहापट-शंभरपट चुकतंय म्हणजे युनिटचा घोळ आहे किंवा जोडणी चुकलीये, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं तर तीन तास वाचतात.

लॅबमधल्या मामांशी ओळख करून घ्या. कुठल्या सोडियम लॅम्पचा चोक गरम होतो, कुठल्या रिओस्टॅटचा सरक्या मधेच काँटॅक्ट सोडतो, कुठल्या पेटीत खरे पन्नास ग्रॅमचे वजन आहे हे मामांना माहीत असतं, आणि नीट विचारलं तर ते दाखवतात सुद्धा. मला गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर कसा आणायचा ते मामांनीच शिकवलं, मागच्या छोट्या स्क्रूने, अगदी अलगद.

ग्रुपमध्ये तीन-चार जण असतील तर एक जण सगळं करतो आणि बाकीचे उतरवून घेतात, हे सर्रास चालतं. असं होऊ देऊ नका. एकाने रीडिंग मोठ्याने बोलायचं, लिहिणाऱ्याने तेच परत बोलून दाखवायचं आणि मग लिहायचं, आणि दर पाच रीडिंगनंतर जागा बदलायची. ज्याला हात लावायला भीती वाटते त्यालाच आधी बसवा, मुली बऱ्याचदा लिहायच्या कामाला ढकलल्या जातात, ते तर मुळीच नको.

एक प्रयोग अगदी जवळून: साधा लंबक

तुम्ही म्हणाल हा तर आठवीचा प्रयोग. मला तो अजून आवडतो कारण एरर म्हणजे काय ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एक मीटर लांबीचा लंबक, पुण्यात त्याची वीस दोलनं ४०.१७ सेकंदांत होतात. जी ९.८१ असता तर ४०.१२ सेकंदांत झाली असती. फरक बघा, सेकंदाचा विसावा भाग. आणि आपल्या अंगठ्याचा स्टॉपवॉचवरचा घोळ ०.१ ते ०.२ सेकंद. म्हणजे एकदाच मोजून कोणी सांगत असेल की माझा जी ९.८१ आला, तर त्याला ते सांगायचा हक्कच नाही, त्याच्या मोजण्यात तेवढा बारीकपणाच नाहीये. ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांत म्हणजे अर्धा टक्का, जी मध्ये वेळेचा वर्ग असल्यामुळे ती दुप्पट, एक टक्का, म्हणजे ०.१. उत्तर झालं ९.८ ± ०.१. यात ९.७८ पण बसतो आणि ९.८१ पण.

मग सुधारायचं कसं? लंबकाच्या मागे भिंतीवर खडूने उभी रेघ मारा, मध्यबिंदूवर, आणि लंबक त्या रेघेवरून जाताना स्टॉपवॉच दाबा. टोकाला दाबू नका, टोकाला तो रेंगाळतो, नेमका कधी थांबला ते डोळ्याला कळत नाही, मध्ये तो सगळ्यात वेगात असतो म्हणून तो क्षण टोकदार असतो. मोजताना "तीन, दोन, एक, शून्य" असं म्हणत या आणि शून्यला बटण दाबा, पहिल्याच वेळी "एक" म्हटलंत तर एकोणीस दोलनांना वीस समजाल, ही चूक मी इतक्या वहीत बघितलीये की सांगायची सोय नाही. असं मोजलं की घोळ ०.१ च्या आसपास येतो. आता हेच दहा वेळा करा आणि सरासरी घ्या, सरासरीतला घोळ दहाच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे ०.०३ सेकंद. जी मधली चूक आता साधारण ०.०१५. लांबीत एक मिलिमीटरचा घोळ धरला तर त्याचे अजून ०.०१. आता कुठे तुम्ही ९.७८ आणि ९.८१ यांच्यात फरक आहे असं थोड्या भरवशाने म्हणू शकता. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याच मार्कांनी झाला नव्हता.

झोका लहान ठेवा. वीस अंशांचा झोका दिला तर दोलनकाळ पाऊण टक्क्याने वाढतो आणि जी दीड टक्क्याने कमी येतो, पाच अंशांच्या आत राहिलात तर हा परिणाम विसरून चालेल. दोरा सुती नको, ताणला जातो. वरचं टोक दोन सपाट तुकड्यांमध्ये घट्ट धरा, खिळ्याला नुसती गाठ मारली तर लंबक नक्की कुठून लोंबतोय तेच कळत नाही.

आता ग्राफची गंमत. लांबी ५० सेंटिमीटरपासून १०० पर्यंत दहा-दहाने वाढवा आणि टी स्क्वेअर (दोलनकाळाचा वर्ग) विरुद्ध लांबी असा ग्राफ काढा. सरळ रेष येते, स्लोप ४.०३ च्या आसपास, चार पाय स्क्वेअर (४π²) म्हणजे ३९.४८ ला त्याने भागलं की जी. पण समजा तुम्ही लांबी गोळीच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या टोकापर्यंतच मोजली, गोळीची त्रिज्या एक सेंटिमीटर विसरलात. तर रेष शून्यातून जाणार नाही, टी स्क्वेअरच्या अक्षाला ०.०४ वर छेदेल. आणि स्लोप? तो तसाच राहील! म्हणजे जी बरोबर येईल आणि वर ग्राफ तुम्हाला सांगेल की बाबा एक सेंटिमीटर कुठेतरी राहिलाय. हेच एका लांबीवरून सूत्रात टाकून काढलं असतं तर जी एक टक्क्याने चुकला असता आणि कळलंही नसतं का ते. म्हणून ग्राफ रेष काढताना ती ओढून-ताणून शून्यातून नेऊ नका, ती जिथून जाते तिथून जाऊ द्या.

सोडियम लॅम्प आणि डार्करूम

ऑप्टिक्सला पहिलं काम, आल्या आल्या सोडियम लॅम्प लावून द्या आणि मग वही उघडा. तो आधी गुलाबी-लालसर पेटतो, तो आतल्या निऑनचा रंग, सोडियम गरम होऊन त्याची वाफ झाली की हळूहळू पिवळा होतो, त्याला काही मिनिटं लागतात. गुलाबी दिसला म्हणून बिघडला समजून बंद-चालू करत बसू नका, लॅम्प खराब होतो. एकदा लावला की प्रॅक्टिकल संपेपर्यंत राहू द्या.

न्यूटन्स रिंग्ज, म्हणजे काचेवर ठेवलेल्या लेन्समुळे दिसणारी काळी-पिवळी वर्तुळं, त्यात मधला ठिपका काळा यायला पाहिजे. उजळ आला तर लेन्स आणि काचेच्या मध्ये धूळ आहे, मऊ कापडाने पुसा, बोट लावू नका. लेन्सची वक्रता त्रिज्या एक मीटर असेल तर दहाव्या काळ्या रिंगचा व्यास साधारण ४.८५ मिलिमीटर येतो, यावरून तुम्हाला मायक्रोस्कोप कितपत हलणार त्याचा अंदाज येईल. आणि स्क्रू एकाच दिशेने फिरवा, डावीकडे विसाव्या रिंगच्या पलीकडे जा, मग परत येत येत रीडिंग घेत उजवीकडच्या विसाव्यापर्यंत. मधेच एक रिंग राहिली म्हणून स्क्रू उलटा फिरवलात की आट्यांमधला ढिलेपणा रीडिंगमध्ये येतो, त्याला बॅकलॅश म्हणतात, आणि तो डोळ्याला दिसत नाही, आकड्यांतच कळतो. राहिली तर राहिली, पुढे चला, ग्राफ आहे ना, एक बिंदू कमी असला तरी रेष येते.

स्पेक्ट्रोमीटरवर ग्रेटिंगने (बारीक रेघांची काच) दुसऱ्या ऑर्डरला गेलात आणि स्लिट बारीक केली तर सोडियमची पिवळी रेषा एक नसून दोन दिसतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. हे जर्नलच्या प्रयोगात मागत नसतील तरी बघाच, पाच मिनिटं लागतात.

इलेक्ट्रॉनिक्स

इथे पोरं सगळ्यात जास्त वैतागतात आणि त्याचं कारण बहुतेक वेळा भलतंच साधं असतं. सर्किट चालत नाही तर या क्रमाने बघा: सप्लाय चालू आहे का, ग्राउंड सगळीकडे एकच आहे का, ब्रेडबोर्डच्या लांब पट्ट्या मध्ये तुटक आहेत का, वायर आतून तुटलीये का, आणि सीआरओच्या (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) प्रोबवरचा छोटा खटका एकपटीवर आहे की दहापटीवर. या शेवटच्याने दहापट चूक येते आणि माणूस तासभर सूत्र तपासत बसतो. प्रोबचं टोक नुसतं बोटाने धरलंत तर स्क्रीनवर एक लाट दिसेल, २० मिलिसेकंदांची, ती आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या विजेची, शरीर अँटेनासारखं ती उचलतं. ही लाट दिसली म्हणजे सीआरओ ठीक आहे, गडबड तुमच्या सर्किटमध्ये आहे.

मल्टिमीटरने करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच परत व्होल्टच्या भोकात लावा. तो अँपिअरच्या भोकात राहिला आणि पुढच्याने व्होल्टेज मोजायला घेतलं की शॉर्ट होऊन फ्यूज उडतो, आणि मग पूर्ण बॅच त्या मीटरला बंद म्हणून बाजूला ठेवते.

एलसीआर रेझोनन्सचं एक सांगतो, त्यात कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर जोडून करंट कुठल्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त होतो ते बघायचं असतं. दहा मिलिहेन्री आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतलं तर रेझोनन्स सुमारे ५०३३ हर्ट्झला यायला पाहिजे. तुमचा ४८०० ला आला तर घाबरू नका, बाजारातल्या कॉइल-कपॅसिटरमध्ये दहा टक्के इकडे-तिकडे सहज असतं. शंभर ओहमचा रेझिस्टर लावलात तर हिशोबाने क्यू फॅक्टर (शिखर किती टोकदार त्याचं माप) ३.२ आणि प्रत्यक्षात येतो दोनच्या खाली, सगळ्यांचाच येतो, आणि सगळे काहीतरी करून ३ आणतात. अरे पण का येतो ते बघा ना, फंक्शन जनरेटरचा स्वतःचा ५० ओहम आतला रेझिस्टन्स आहे, कॉइलची तार पण वीसेक ओहमची असते, मल्टिमीटरने मोजा, म्हणजे सर्किटमध्ये खरं तर १७० ओहम आहेत. ते घालून हिशोब केला की क्यू १.९ येतो, तुमच्या ग्राफशी जुळतो. हे ज्याने एकदा स्वतः शोधलं त्याला रेझोनन्स कळला, असं मी म्हणेन. आणि हो, रीडिंग शिखराच्या आसपास दाट घ्या, लांब गेल्यावर विरळ चालतात.

घरी करून बघायचं असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, ब्रेडबोर्ड, रेझिस्टर, एलईडी, साधा मल्टिमीटर सगळं मिळतं. यादी कागदावर व्हॅल्यूसकट लिहून न्या, दुकानात गर्दी असते, "थोडे रेझिस्टर द्या" म्हटलं तर समोरचा काय देणार.

आणि पावसाळ्यात इलेक्ट्रोस्टॅटिक्सचा कुठलाही प्रयोग नीट होत नाही, दमट हवेत चार्ज टिकतच नाही. ते डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा.

प्लस-मायनसच्या पुढचा आकडा

कॅल्क्युलेटरने ९.७७३४५२१ दिलं म्हणून तेवढं लिहायचं नसतं. आधी चूक किती ते ठरवा, ०.०३ असेल तर उत्तर ९.७७ ± ०.०३, विषय संपला. रीडिंग दरवेळी सारखंच येत असेल तर निम्मा लीस्ट काउंट चूक म्हणून धरा, वेगवेगळं येत असेल तर त्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढून रीडिंगच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. लॅपटॉपवर रेष बसवायला शिका, पण पहिले पाच-सहा ग्राफ हाताने काढा, पारदर्शक पट्टी ठेवून सगळ्यात तिरपी आणि सगळ्यात कमी तिरपी रेष कुठली चालू शकेल ते बघा, दोन्हींच्या स्लोपमधल्या फरकाचा निम्मा हा तुमच्या स्लोपचा घोळ. हातानं केलं की कळतं तो फरक कशातून येतो.

पण एक प्रकारची चूक अशी असते की हजार वेळा मोजलं तरी कमी होत नाही. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज मोजला, १९१३ साली छापलेला त्याचा आकडा आजच्या युनिटमध्ये १.५९२ होतो, गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात, कूलॉममध्ये. आज आपण १.६०२ मानतो. त्याने स्वतः चूक सांगितली होती ०.२ टक्के, प्रत्यक्षात निघाली ०.६ टक्के. थेंब बघण्यात तो कमी पडला नव्हता, त्याने हवेच्या व्हिस्कॉसिटीचा जो आकडा वापरला तोच जरा कमी होता. आणि नंतर मोजणाऱ्यांचे आकडे एकदम १.६०२ वर गेले नाहीत, थोडेथोडे वर सरकत गेले, म्हणजे मोठ्या मोठ्या माणसांनाही आपला आकडा प्रसिद्ध आकड्यापेक्षा फार वेगळा आला की शंका स्वतःवरच आधी यायची. माझ्या ९.७६ चं तेच झालं होतं. म्हणून उत्तर "चुकीचं" आलं तर तपास करा आणि "बरोबर" आलं तरी तेवढाच तपास करा, दोन्हीकडे सारखा.

जर्नल आणि ओरल

जर्नलचं जास्त काही नाही, त्याच आठवड्यात लिहा. निष्कर्षात "प्रयोग यशस्वी झाला" असं लिहू नका, त्याऐवजी दोन ओळी, किती आलं, चूक किती, मोठी चूक कशातून आली, परत केला तर पहिलं काय बदलाल. कोणाचं जुनं जर्नल मिळालंच तर लिहायच्या पद्धतीसाठी बघा, ऑब्झर्वेशनचं पान उघडू नका. ओरलला यातलंच विचारतात, आणि "सर माझं उत्तर चार टक्क्यांनी कमी आलंय, मला वाटतं त्रिज्येमुळे, कारण..." असं सांगणाऱ्याला मी तरी कधी कमी मार्क मिळालेले बघितले नाहीत. सही देताना कोणी म्हणालंच की आकडा बरोबर आणून दाखव, तर रफ वही पुढे करा आणि नम्रपणे परत प्रयोग करायची वेळ मागा, आकडा बदलू नका.

कॉलेजच्या बाहेर

फोनमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाका, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनवलेलं आहे, फोनमधले सगळे सेन्सर त्यात उघडे दिसतात, प्रवेग, चुंबकीय क्षेत्र, आवाज, काही फोनमध्ये हवेचा दाबही. दाबाचा सेन्सर असेल तर तो फोन घेऊन सिंहगड चढा आणि दर शंभर पावलांनी रीडिंग वहीत लिहा, दर नऊ-दहा मीटरला साधारण एक मिलिबार कमी होतो का ते घरी येऊन बघा.

२८ फेब्रुवारीला, म्हणजे १९२८ साली रामन इफेक्टचा शोध लागला त्या दिवसाच्या निमित्ताने, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला मिळते, विज्ञान प्रदर्शन पण असतं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. तिथल्या लोकांना एकच विचारा, नॉइज (नको असलेला गोंगाट) कसा ओळखता? रेडिओ गोंगाट कमी म्हणूनच ती जागा निवडली गेली, आणि सीआरओवर बोट ठेवल्यावर जी लाट दिसली होती तिचाच हा मोठा प्रश्न आहे हे तिथे उभं राहून लगेच कळतं. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस म्हणून पदवीच्या मुलांसाठी कार्यक्रम आहे, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, आणि डिपार्टमेंटमधल्या सरांना-मॅडमना विचारा की सुट्टीत लॅबमध्ये येऊन काही करता येईल का, विचारणारे इतके कमी असतात की बहुतेक हो म्हणतात.

आणि बॅच सुरू व्हायला अजून आठवडा असेल तर घरीच सुरू करा. नायलॉनचा दोरा, एक जड नटबोल्ट, दाराच्या चौकटीला घट्ट धरलेल्या दोन पट्ट्या, भिंतीवर खडूची रेघ, फोनचं स्टॉपवॉच. सहा लांब्या, प्रत्येकीची वीस दोलनं पाच-पाच वेळा. नटबोल्टचा मध्य नक्की कुठे ते सांगता येणार नाही, म्हणून लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंतच मोजा आणि ग्राफला विचारा की गाठीच्या खाली किती सेंटिमीटर राहिलंय. मग नटबोल्ट बोटावर तोलून बघा, गाठीपासून तितक्याच अंतरावर तोललं जातंय का. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, पेनाने.